गावरान वाण राखायचा तर कोंबडे वाढवा

साक्री तालुक्यातल्या एका भावाचा प्रश्न आहे. आजीच्या काळापासून घरात चालत आलेल्या बुसरा कोंबड्या त्यांच्याकडे आहेत. सध्या कोंबड्या अकरा आणि कोंबडा एकच, तोही चार वर्षांचा. पूर्वी खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेल्या कोंबडीखाली बारा अंडी ठेवली की नऊ-दहा पिल्लं निघायची, आता पाच-सहावर गाडी अडते. निघालेल्यांत एखाद-दुसऱ्याच्या पायाची बोटं वाकडी. शेजारी म्हणतात, रक्त जुनं झालंय, डीपी क्रॉस या सुधारित संकरित जातीचा एक कोंबडा आणून सोड, पिल्लं कशी टुणटुणीत होतात बघ. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. असा कोंबडा आणावा का? वाकडी बोटं नात्यातल्या जोडीमुळेच होतात का? आणि म्हाताऱ्या कोंबड्याचं काय करायचं?

आधी हे सांगतो की तुमच्याकडे जे आहे ते साधं नाही. बुसरा ही कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे नोंदलेली जात आहे, महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांच्या नावावर. नंदुरबार, धुळ्याचा पश्चिम भाग आणि पलीकडचा गुजरातचा डोंगरपट्टा हे तिचं घर. अंगाने लहान, चपळ, अंडी थोडी आणि छोटी, पण स्वतःचं पोट स्वतः भरणारी आणि पिल्लं सांभाळणारी. हैदराबाद किंवा बंगळुरूच्या सरकारी संस्थेत वनराज, कावेरी या सुधारित जाती पुन्हा तयार करता येतील, कारण त्यांचे मूळ वंश तिथे राखलेले असतात. तुमच्या आजीच्या कोंबड्यांचा असा दुसरा साठा कुठेही नाही.

रक्ताचा विचार करण्याआधी अंडी तपासा. उबवण कमी झाली की सगळे थेट नात्यातल्या जोडीवर बोट ठेवतात, पण निम्म्या वेळा कारण दुसरंच निघतं. सातव्या दिवशी रात्री अंधारात मोबाइलची बॅटरी अंड्याच्या रुंद टोकाला लावून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर अंडं चालू आहे. आणि बावीस-तेवीस दिवसांनी जी अंडी तशीच राहतील, ती फेकू नका. घरापासून लांब एखाद्या पत्र्याच्या डब्यात एकेक फोडा, वास येईल, नाकाला फडकं बांधा. बलक गोल, पांढरं स्वच्छ, रक्ताचा थेंब नाही, तर ते अंडं फळलेलंच नव्हतं. तो कोंबड्याचा दोष, किंवा कोंबडीला कोंबडा मिळालाच नाही. बलकावर तांबडी कडी असेल तर गर्भ पहिल्या तीन-चार दिवसांत मेला. अशा वेळी मला पहिला संशय अंडी साठवण्यावर येतो. पूर्ण पिल्लू तयार होऊन आतच मेलं असेल तर शेवटच्या दिवसांतली ओल, कोंबडीचं उठणं-बसणं, खाण्यातली उणीव आणि नात्यातली जोड, या सगळ्यांना यादीत घ्यावं लागतं.

साठवणीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण खानदेशात खरा घोळ तिथेच होतो. कोंबडी एक दिवसाआड अंडं देते, आपण दहा-बारा जमेपर्यंत थांबतो. त्यात वीस-बावीस दिवस जातात. सात दिवसांच्या आतलं अंडं उत्तम, दहाच्या पुढे उतरती कळा. त्यातून उन्हाळा असेल तर पंचवीस अंशांच्या पुढे गर्भ आतल्या आत अर्धवट वाढायला लागतो आणि बसवायच्या आधीच मरतो. कौलाखाली चाळीस अंशांत टांगलेल्या टोपलीतली अंडी फळलेली असूनही वाया जातात ती यामुळे. ओल्या वाळूत अर्धं पुरलेलं कोरडं मडकं, तळाला धान्य, अंड्याचं निमुळतं टोक खाली, तोंडावर सुती फडकं, एवढ्यावर काम भागतं. अंडी धुवायची नाहीत. एकाच कोंबडीची वाट बघण्यापेक्षा तीन-चार कोंबड्यांची ताजी अंडी एकत्र बसवा. वाणाच्या हिशेबानेही तेच बरं, ते पुढे येईल. आणि तुमची कोंबडी किलो-सव्वा किलोची असेल तर दहा-बारा अंडी पुरे. हौसेने पंधरा ठेवली की कडेची गार पडतात.

वाकड्या बोटांचंही तसंच. बोटं आत मुठीसारखी वळलेली आणि पिल्लू गुडघ्यावर टेकून सरकतंय, असं असेल तर ते बहुतेक रिबोफ्लेविन म्हणजे बी-2 जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं लक्षण. अंडी देणाऱ्या कोंबडीला नुसता मका आणि तांदळाची कणी मिळत असेल तर अंड्यातच ते कमी उतरतं. अंडी जमवायच्या आधी तीन-चार आठवडे कोंबड्यांना हिरवा पाला, लसूणघास, शेवग्याचा पाला आणि ताकाची निवळ सुरू करा. पुढच्या रवणीत, म्हणजे उबवणीत, बोटं सरळ आली तर प्रश्न खाण्याचा होता. बोटं बाजूला वळलेली, पण पिल्लू बाकी ठणठणीत चालतंय, किंवा चोचीची वरची-खालची टोकं एकमेकांवर बसत नाहीत, असं दिसलं तर मात्र वंशाचा संशय घ्या आणि ती पिल्लं वाढवली तरी पैदाशीला ठेवू नका.

हे सगळं तपासूनही उबवण कमीच असेल, आणि तुमचा हिशेब पाहता ती असणार, तर आता नात्याकडे येऊ.

अकरा कोंबड्या म्हणजे कळप मोठा आहे असं वाटतं. पण पुढच्या पिढीचं निम्मं रक्त कोंबड्याकडून येतं, आणि तुमच्याकडे ते निम्मं एकाच जनावराचं आहे. पैदाशीच्या शास्त्रात यासाठी एक सोपं सूत्र आहे. नर गुणिले मादी गुणिले चार, आणि त्याला नर-मादींच्या बेरजेने भागायचं. येणारा आकडा म्हणजे वंशाच्या दृष्टीने तुमचा कळप खरा केवढा. एक कोंबडा आणि अकरा कोंबड्या यांचं उत्तर येतं 3.7. दारात बारा पक्षी फिरतायत, पण वंशाच्या वहीत चारसुद्धा नाहीत. या आकड्याच्या दुपटीने एकाला भागलं की एका पिढीत नात्यातली जोड किती वाढते ते कळतं. तुमच्याकडे ती साडेतेरा टक्क्यांच्या आसपास आहे. सावत्र भावंडांची जोड लावली की पिल्लांत साडेबारा टक्के येते, त्यापेक्षाही हे थोडं वरच.

पुढची गंमत बघा. तुम्ही कोंबड्या दुप्पट केल्या, बावीस केल्या आणि कोंबडा एकच ठेवला, तर साडेतेराचे तेरा होतात. दाणा दुप्पट, फायदा जवळजवळ शून्य. त्याऐवजी अकरा कोंबड्यांना दोन कोंबडे ठेवले तर साडेसातच्या खाली, तीन ठेवले तर साडेपाचच्या खाली. म्हणून मी प्रत्येकाला आधी कोंबडे वाढवायला सांगतो. अंडी फळण्यासाठी आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो, हे खरंच आहे, पण तो अंड्यांचा हिशेब झाला. वाण राखायचा हिशेब वेगळा आहे, आणि त्यात जादा कोंबडे हा खर्च नसून भांडवल आहे.

आता लोक म्हणतील, तीन कोंबडे एकत्र सोडले की भांडतात आणि दांडगा एकटाच सगळ्या कोंबड्यांवर चढतो. बरोबर आहे. तसं झालं तर कागदावर तीन आणि प्रत्यक्षात एकच. म्हणून गट पाडावे लागतात. आपल्याकडे गोत्र आईबापांच्या सोयीने विसरलं जातं, कोंबड्यांत ते विसरायचं नाही. अकरा कोंबड्यांचे तीन गट करा: लाल, पिवळा, निळा. पायात त्या रंगाची कडी. पिल्लू आईच्या गटाचं. तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, मोठी झाली की आईच्याच गटात राहते, माहेर सोडत नाही. कोंबडा मात्र घरजावई म्हणून जातो: लालचा पिवळ्यात, पिवळ्याचा निळ्यात, निळ्याचा लालमध्ये. दरवर्षी किंवा दर पैदाशीला याच दिशेने, उलट कधीच नाही. एवढा एक नियम पाळला की वही हरवली तरी बाप-लेक किंवा भाऊ-बहीण यांची जोड लागत नाही.

यासाठी वर्षभर तीन खुराडी लागत नाहीत. कोंबडीच्या पोटात कोंबड्याचं बीज दोन ते तीन आठवडे टिकतं. तेव्हा नवा कोंबडा लावल्यावर तीन आठवडे अंडी खा किंवा विका, त्यानंतरचीच उबवायला धरा. पुढचे दोन-तीन आठवडे जमवलेली अंडी तुमच्या पैदाशीची. म्हणजे वर्षातून दीड महिना गट जाळीत वेगळे, बाकी वर्षभर सगळे मोकळे. हा दीड महिना कार्तिक ते माघ यांत कुठेही बसवा. थंडी-उन्हाच्या दिवसांत पिल्लं तगतात. आषाढ-श्रावणात ओल्या जमिनीवर रक्ती हगवण लागली की अर्धी पिल्लं आठवड्यात जातात, ती औषध आणेपर्यंत थांबत नाहीत.

कडीचं एक सांगायला हवं. लहान पिल्लाला घातलेली प्लास्टिकची कडी तो कोंबडा होईपर्यंत विसरली जाते. पाय जाड होतो, कडी मांसात रुतते, खपली धरते आणि लंगडा झाल्यावर लक्षात येतं. दर पंधरा दिवसांनी संध्याकाळी खुराड्यात घेताना हात फिरवा आणि मोठी कडी बदला. नाहीतर पहिल्याच दिवशी बोटांमधल्या पडद्याला छोटं छिद्र पाडायची चिमटी मिळते. दोन्ही पायांचे मिळून चार पडदे, त्यांतून सोळा वेगळ्या खुणा होतात. तीन गटांना पुरून उरतात आणि जन्मभर जात नाहीत.

पुढची पिढी निवडताना माणसाचा हात नेहमी एकाच कोंबडीच्या पिल्लांकडे जातो, जिची सगळ्यांत देखणी निघाली तिच्या. मोह आवरा. प्रत्येक कोंबडीची निदान एक तलंग आणि प्रत्येक कोंबड्याचा निदान एक नर पुढे गेला पाहिजे. रंगावरून तर मुळीच छाटू नका. बुसऱ्यात पांढऱ्यावर काळी, तांबडी, भुरी अशी नाना पिसं असतात आणि तेच बरोबर आहे. कडकनाथवाल्यांनी हीच चूक केली. काळेपणा हा त्या जातीत वरचढ गुण आहे, मिश्र पिल्लूही पुष्कळदा काळंच निघतं, त्यामुळे काळं म्हणजे अस्सल असं मानून कितीतरी जणांनी भलतेच पक्षी अस्सल म्हणून जपले. 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं, मागणी वाढली, आणि पुढच्याच वर्षी आपल्याकडे सांगली-कोल्हापूर भागात त्या नावावर शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. मी रंगाऐवजी हे बघतो: खुडूक वेळेवर होते का, एकवीस दिवस जागा सोडत नाही ना, पिल्लं घारीपासून वाचवते का, आणि दुसऱ्या वर्षी अजून जिवंत आहे का. शेवटची परीक्षा सगळ्यांत कडक. म्हणूनच उबवायला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या कोंबडीची अंडी धरा. पिढ्या सावकाश बदलल्या की नात्यातली जोडही सावकाश वाढते.

थोडक्यात इतकंच झालं: अंडी ताजी आणि गार, कोंबडीला पाला, कोंबडे निदान तीन, तलंगा जागेवर आणि कोंबडे फिरते.

आता शेजाऱ्यांच्या सल्ल्याबद्दल. डीपी क्रॉस, सोनाली, गिरिराज, यांतला कोणताही कोंबडा सोडला तर पहिली पिढी खरंच दणकट निघेल. वजन जास्त, वाढ लवकर, शेजारी म्हणेल बघ मी सांगितलं होतं. तुमचा उद्देश विकायचे पक्षी हा असेल तर मी अडवणार नाही, त्यात गैर काही नाही. पण त्यांच्या पोटची दुसरी पिढी चोहीकडे फाकते. काही जड, काही किडकिडीत, आणि खुडूक होणाऱ्या कमी कमी होत जातात. सुधारित जातींतून खुडूकपणा मुद्दाम काढून टाकलेला असतो, कारण बसलेली कोंबडी अंडी देत नाही. तुमच्याकडे उबवणी यंत्र नाही. ज्या दिवशी कोंबड्या बसायच्या थांबतील, त्या दिवसापासून पिल्लांसाठी तुम्ही हॅचरीचे गिऱ्हाईक झालात.

बाहेरचं रक्त हवंच, पण ते त्याच पट्ट्यातलं. तुमच्या दोन डोंगर पलीकडच्या पाड्यावर, जिथे सरकारी योजनेतली किंवा टेम्पोवाल्याची पिल्लं पोचलेली नाहीत, अशा घरचं. तिथे जाऊन कोंबडा बघण्यापेक्षा कोंबडी बघा. ती बसते का विचारा, अंडी किती मोठी ते बघा. मोठं, एकसारखं तपकिरी अंडं दिसलं की काढता पाय घ्या. जमल्यास पक्षी आणण्यापेक्षा अंडी आणा. घरी आणून एक दिवस निमुळतं टोक खाली ठेवून निवू द्या आणि आपल्याच खुडूक कोंबडीखाली बसवा. उवा, गोचिड्या हे सगळं मागे राहतं. पांढरी हगवण मात्र अंड्यातूनही येते, तेव्हा ज्या घरची पिल्लं पहिल्या आठवड्यात पटापट मरतात तिथली अंडीही नकोत. कोंबडाच आणावा लागला तर महिनाभर लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला डालग्यात ठेवा. त्याला दाणा-पाणी आपल्या पक्ष्यांचं करून झाल्यावर घाला, आधी नको. आणि तो एकाच गटाला लावा. पिल्लं मनासारखी निघाली नाहीत तर दोन गट तरी जसेच्या तसे हातात राहतात.

हे किती जमेल ते तुमच्या जागेवर आहे. घर गावठाणात असेल आणि शेजारच्या चार घरांचे कोंबडे तुमच्या अंगणात येत असतील तर जाळीशिवाय यातलं काही होणार नाही. शेतातल्या घरात, पाड्यावर, दोन घरांत चांगलं अंतर असेल तर जाळीची गरजही नाही, घर हाच गट. तसं असेल तर मी तुम्हाला तीन गट स्वतःकडे ठेवायला सांगणारच नाही. एक गट तुमचा, एक भावकीत, एक सासुरवाडीला. कोंबडे तुमच्यातच फिरवा.

याचं कारण त्या सूत्रातच आहे. नात्यातली जोड पिढीला एक टक्क्यावर ठेवायची तर कळपाचा खरा आकडा पन्नास लागतो, जागतिक अन्न व कृषी संघटनाही हाच आकडा धरते. एकट्या घराला ते अशक्य. पण पाच घरांनी प्रत्येकी तीन कोंबडे आणि बारा कोंबड्या ठेवल्या, म्हणजे पंधरा आणि साठ, तर उत्तर येतं 48. दुसरं कारण तुमच्याच भागात घडलेलं आहे. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरला सापडला. पोल्ट्र्यांबरोबर परिघातल्या गावांतल्या अंगणातल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. बुसऱ्याच्या ऐन घरात. ज्याचं सगळं एकाच खुराड्यात होतं, त्याचं काही उरलं नाही. दोन तालुक्यांत वाटलेला कळप असा एका दिवसात जात नाही.

वाटण्याचा रोजचा फायदाही आहे. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस शंभर डोसच्या खाली सहसा मिळत नाही आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. पंधरा पक्ष्यांसाठी कोण आणतो? म्हणून कोणीच टोचत नाही, आणि दर दोन-तीन वर्षांनी मानमोडी येऊन कळप झाडून नेते. पाच घरांनी एकाच सकाळी, बर्फाच्या डब्यात आणलेली एक कुपी वाटून घेतली तर खर्च नगण्य. पहिल्या आठवड्यात लासोटा डोळ्यात थेंब, आठव्या आठवड्याला आर-टू-बी टोचून, मध्ये सहा-सात आठवड्यांना देवीची. पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगून ठेवा.

एक अडचण मात्र सूत्रात बसत नाही. आपल्याकडे चांगला कोंबडा आधी कापला जातो. भरदार, तुरेबाज, वजनदार असला की नवसाला तोच, पाहुण्याला तोच, गटारीच्या आधी व्यापारी भाव करतो तोही त्याचाच. मागे उरतो तो कोणाला नको असलेला, आणि पुढच्या वर्षाचा बाप तोच होतो. पिढ्यानपिढ्या सुरीने केलेली ही निवड आहे, आणि नात्यातल्या जोडीइतकंच नुकसान तिने केलंय. उपाय एकच: पिल्लं चार-साडेचार महिन्यांची झाली की ठेवायचे नर निवडून त्यांना कडी घाला आणि घरात सगळ्यांना, विशेषतः आईला आणि पोरांना, सांगून टाका की हे विकाऊ नाहीत. प्रत्येक गटाला एक लागतो, तिथे दोन ठेवा. मुंगूस आणि घार तुमचा हिशेब विचारत नाहीत.

राहिला म्हातारा कोंबडा. त्याला आत्ता कापू नका. चार वर्षं तुमच्या रानात जगला, म्हणजे त्याच्याकडे द्यायला काहीतरी आहे. या थंडीत त्याला तुमच्या सगळ्यांत जुन्या दोन-तीन कोंबड्यांबरोबर, ज्या त्याच्या मुली नाहीत हे नक्की ठाऊक आहे अशांबरोबर, जाळीत ठेवा. तीन आठवडे सोडून पुढची अंडी बसवा आणि सातव्या दिवशी बॅटरी लावा. निम्म्याहून जास्त चालू निघाली तर त्याचे दोन नर राखून ठेवा, ते दुसऱ्या गटांना जातील. बहुतेक वांझ निघाली तर त्याचं काम संपलं, मग रस्सा करा. बाकीच्या कोंबड्यांसाठी बाहेरची अंडी आणायची तयारी मात्र दिवाळीच्या आधीच करा, कारण त्यातून निघालेला कोंबडा कामाला यायला सात-आठ महिने लागतात.